दारात बसलेलं औषध

सोल्मोन नर्सनं दम्दिनला पहिल्यांदा नीट पाहिलं ते दवाखान्याच्या खिडकीशी. गोबी वाळवंटाच्या कडेच्या त्या गावात शाळेच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा हा माणूस, औषधाची कुपी उजेडात धरून, एक डोळा मिटून आतली भुकटी न्याहाळत होता.

“काय शोधताय, दम्दिन गुआई?” थोरल्यांना लावायच्या आदराच्या हाकेनं तिनं विचारलं.

“तुमची लबाडी. अजून सापडली नाही.”

संशय हा त्याचा स्वभावच. कोळसा आला की ढेकूळ फोडून पाही, दुकानातलं पीठ चिमूटभर चाखून बघी. पण आता कारणही होतं. त्याला आणि त्याची बायको त्सेर्मा हिला, दोघांनाही यकृत पोखरणारी डेल्टा कावीळ होती. त्याचा थोरला भाऊ त्याच काविळीनं गेला होता. राजधानीहून येणाऱ्या नव्या औषधासाठी नाव लागलं ते एकट्या दम्दिनचं. रोज पोटावर एक सुई, घरीच घ्यायची.

“विषाणू मरतो ना यानं?”

“मरत नाही. यकृताच्या पेशीला एक दार असतं, त्यातून तो आत शिरतो. औषध त्या दारातच ठाण मांडून बसतं.”

“म्हणजे चोर जिवंत, अंगणात मोकळा. आणि मी निवांत झोपायचं.”

महिन्याभरानं तो अंग खाजवत आला. रक्तात पित्ताचे क्षार चांगलेच वाढले होते.

“बघा, बिघडवलंत ना मला?”

सोल्मोनच्याही मनात पाल चुकचुकली. तिनं राजधानीतल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पित्ताचे क्षारही त्याच दारानं आत जातात; दार अडलं की ते रक्तात साठणारच. औषध जागेवर बसल्याची ती खूण.

दम्दिननं हे तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं आणि पुढच्या कुप्या मुकाट्यानं उचलल्या. ते मुकाट्यानं जाणंच तिला खटकलं.

पुढच्या तपासणीत क्षार एकदम खाली. रिकाम्या कुप्या मात्र नेमानं परत आलेल्या. आता संशय घ्यायची पाळी तिची. ती त्याच्या घरी गेली. त्सेर्मानं खारट दुधाचा चहा पुढे केला. वाटी उजव्या हातात, डावा हात उजव्या कोपराखाली, रीतीप्रमाणे. पण तो डावा हात नुसता टेकलेला नव्हता, कोपर खाजवत होता.

सोल्मोननं वाटी खाली ठेवली. “कधीपासून घेताय?”

त्सेर्मा नवऱ्याकडे पाहू लागली.

“आधी स्वतःवर पाहिलं,” दम्दिन म्हणाला. “खरं निघालं, तेव्हा तिला दिलं. भलतंसलतं तिला कसं देऊ?”

“आणि तुमचं काय? मध्येच सोडलं तर दुखणं उसळतं.”

“हे कुणी सांगितलं नव्हतं.”

“मीच सांगितलं होतं. तुम्हाला पटलं नाही.”

सोल्मोननं डॉक्टरांपासून काही लपवलं नाही. ते फोनवर बरेच रागावले, मग त्सेर्माचे रिपोर्ट मागवून घेतले. थंडी सरता सरता तिचंही नाव लागलं.

हल्ली दोघं सकाळी दवाखान्यात, नर्ससमोरच सुई घेतात. त्सेर्माची कुपी आधी दम्दिन खिडकीशी उजेडात धरून पाहतो.