एनिडच्या हातची रेघ

बर्सलम या इंग्रजी गावातल्या चिनीमातीच्या कारखान्यात एनिड टॅम्सने एकतीस वर्षं एकच काम केलं. फिरत्या चाकावर थाळी ठेवायची, श्वास रोखायचा आणि काठावर सोन्याची रेघ ओढायची. मग थाळी उलटी करून मागे स्वतःची खूण टाकायची, शेपटीवाला ठिपका. भट्टीत जाण्याआधी ते सोनं मळकट तपकिरी दिसतं आणि बोळ्याने पुसलंही जातं.

वसंतात तिचा हात थरथरू लागला. बायका म्हणाल्या, "जिटर्स गं, दुसरं काय!" मोठा सोयीचा शब्द! लग्नाच्या सकाळी नवरीला होतात ते जिटर्स, परीक्षेला निघालेल्या पोराला होतात ते जिटर्स. वेळ टळली की हात आपोआप थाऱ्यावर येतो. एनिडने तो शब्द घट्ट धरून ठेवला. तिची कसली वेळ टळायची होती, हे मात्र कुणी विचारलं नाही.

आधी तिच्या थाळ्या तपासणीतून नापास होऊन परत यायच्या. पुढे येईनाशा झाल्या. सहा आठवड्यांत एकही नाही! मुकादम म्हणाला, "एनिडबाई, जमलं की पुन्हा!" घरी चहा अजून बशीत सांडायचा, पण तिकडे तिने काणाडोळा केला. डॉक्टरकडे जायचंही तिने रद्द करून टाकलं.

मग प्रार्थनाघरात रविवारचा चहा झाला. कारखान्याने नव्या थाळ्या भेट दिल्या होत्या. बर्सलमचा माणूस कुठेही जेवायला बसला तरी आधी थाळी उलटी करून पाहतो, मग तोंडात घास घालतो. एनिडनेही केकचा तुकडा बाजूला ठेवला आणि थाळी उलटली. मागे तिचीच खूण होती. ठिपका फिसकटलेला, शेपटी तीन ठिकाणी तुटकी. तिने थाळी सुलटी केली. काठावरची रेघ मात्र कशी सरळसोट!

शेजारी मेव्हिस बसली होती. कारखान्यातही तिची जागा एनिडच्या शेजारचीच.

"मेव्हिस, ही रेघ तू ओढलीस."

"चहा घे गं आधी."

"किती थाळ्या पुसल्यास माझ्या?"

मेव्हिस मान खाली घालून म्हणाली, "भोंगा झाल्यावर थांबायचे रोज. म्हटलं, तुझे जिटर्स जाईपर्यंत..."

"जिटर्स असते तर गेले असते गं."

एनिडला रडू आलं नाही, राग आला. मेव्हिसचा नाही, त्या सहा आठवड्यांच्या आपल्या आनंदाचा. तिने कप दोन्ही हातांनी धरून सगळ्यांदेखत उचलला. चहा सांडायचा तेवढा सांडला.

सोमवारी तिने मेव्हिसला आपल्या चाकावर बसवलं. मेव्हिसने रेघ ओढली, थाळी उलटी केली आणि एनिडचं चाक म्हणून तिचाच शेपटीवाला ठिपका काढायला गेली. एनिडने तिचं मनगट धरलं. एनिडच्या थरथरत्या हाताबरोबर मेव्हिसचाही हात हलू लागला.

"तुझी खूण टाक," एनिड म्हणाली.