समुद्राची बाजू

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर मोहनरावांनी मोटरसायकलला डावीकडे साइडकार जोडून घेतली, कारण बायकोचे, जयमालाबाईंचे, गुडघे गेले होते. दर रविवारी दोघं डहाणूहून समुद्राच्या कडेकडेने बोर्डीला जात. परतताना मात्र मोहनराव हट्टाने तलासरीचा लांबलचक वळसा घेत. का म्हणून विचारलं की खेकसत, "गाडी मी चालवतोय ना?"

२०१८च्या दिवाळीत पुतण्या अनिकेतने दोघांना जीपमधून बोर्डीला नेलं आणि किनाऱ्यानेच अर्ध्या तासात घरी आणलं. जयमालाबाई भडकल्या. "अहो, मग आपण चार वर्षं त्या खड्ड्यांत कंबर का मोडून घेतली?"

"येताना समुद्र माझ्या बाजूला येतो," मोहनराव पुटपुटले. "साइडकारमधून तुला नुसता माझा गुडघा दिसला असता."

"मग तोच बघितला असता की!"