साडूंनी गाडी उजवली

आमच्या साडूंइतका समाधानी माणूस अख्ख्या बहरीनमध्ये दुसरा नव्हता आणि त्यांच्या गाडीइतकी ढकलली गेलेली गाडीही दुसरी नव्हती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे मिरजेचे, पेशाने एसीचे इंजिनिअर. मोठमोठ्या हॉटेलांच्या गच्चीवरची अजस्र यंत्रं त्यांच्या नुसत्या चाहुलीने सुरू होतात असं त्यांच्या कंपनीतले लोक सांगत. गाडीवर मात्र त्या चाहुलीचा काडीइतकाही परिणाम होत नसे. हूरा नावाच्या वस्तीत आमच्या बिल्डिंगा समोरासमोर. शुक्रवारी सकाळी खालून ‘साडूभाऊ, बूट घालून या!’ अशी आरोळी आली की मी काय ते समजून जाई. चपला घालून गाडी नीट ढकलता येत नाही. हे बेट मी बहुतेक सगळं पाहिलं आहे, पण ते गाडीच्या मागून, मान खाली घालून.

गाडी इंग्रजी बनावटीची, साठच्या दशकातली, सायीच्या रंगाची. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली होती. ‘अशी गाडी बनवल्यावर पुढं आणखी काय बनवणार ते? थांबले बिचारे,’ असं साडूंचं त्यावर म्हणणं. भंगाराच्या आवारात त्यांना ती पहिल्यांदा दिसली तेव्हा तिच्या मागच्या सीटवर मांजरीने पिलं घातली होती. साडूंनी सौदा ठरवला, पण पिलं आपल्या पायांनी उतरून जाईपर्यंत गाडी उचलली नाही. रोज ऑफिसातून परस्पर तिकडे जायचे, मांजरीला दूध घालायचे आणि तिच्या परवानगीने इंजिनात डोकावून यायचे. मेहुणीबाईंना वाटलं, ऑफिसात काम वाढलं आहे.

गाडीबद्दल बोलायचीही एक रीत होती. आपण नाही का, दिवा विझवला म्हणत नाही, मालवला म्हणतो; दुकान बंद केलं म्हणत नाही, वाढवलं म्हणतो. तसं ‘गाडी बंद पडली’ असं म्हणायची त्यांच्याकडे चोरी होती. गाडी ‘बसायची’. फार झालं तर ‘रुसायची’. एकदा बाब अल बहरीन या बाजाराच्या वेशीसमोर, ऐन गर्दीच्या वेळी, ती अशी बसली की मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. पोलीस धावत आला आणि त्याने विचारलं, ‘खराब?’ साडूंच्या चेहऱ्यावर दुखावल्याची छटा उमटली. ‘मफी खराब,’ म्हणजे खराब नाही, ते म्हणाले, ‘रेस्ट.’ दसऱ्यासाठी घेतलेली झेंडूची माळ हातात धरून मी बाजूला उभा होतो. पोलिसाने माझ्याकडे पाहिलं, माळेकडे पाहिलं आणि काय समजायचं ते समजून तोही ढकलायला लागला.

सुट्टी संपवून मिरजेहून परत येताना प्रत्येक वेळी सामानाच्या वजनावरून नवराबायकोत जुंपायची. मेहुणीबाई बॅगेत कुरडया भरायच्या आणि साडू त्या काढून तिथे कुठल्यातरी जुन्या बाजारातून आणलेला कार्बुरेटर ठेवायचे. विमानतळावर एकदा तपासणीवाल्याने तो बाहेर काढला. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली ती पितळी वस्तू पाहून त्याने विचारलं, ‘ये क्या है?’ साडू म्हणाले, ‘दिल.’ त्या भल्या माणसाने ते दिल चार बाजूंनी फिरवून पाहिलं आणि पुन्हा फडक्यात नीट गुंडाळून दिलं. कुरडया मात्र मिरजेतच राहिल्या.

कुरडयांचं एक वेळ सोडा, पण आमच्या दोघांच्याही सासूबाईंनी नातवासाठी हाताने शिवून पाठवलेली गोधडी साडूंनी गाडीवर घातली, ते प्रकरण फार चिघळलं. ‘उन्हाने बॉनेटचा रंग उडतो, आई,’ हे कारण त्यांनी फोनवर प्रामाणिकपणे सांगितलं. तेव्हापासून सासूबाई गाडीला ‘ती’ म्हणायला लागल्या. ‘कशी आहे ती तुमची?’ असं त्या विचारायच्या, आणि त्या ‘ती’मध्ये सगळं यायचं.

झल्लाकला समुद्राजवळ शुक्रवारी सकाळी जुन्या गाड्यांची हौस असलेली मंडळी जमायची. बहरीनी, एक-दोन इंग्रज, चार-पाच आपले. सगळे आपापली बॉनेटं उघडायचे आणि मग दुसऱ्याच्या इंजिनात वाकून बघायचे. चहाचे थर्मास, खजुराचे डबे, हाताला ग्रीस. या मंडळींचे म्होरके अबू राशिद. राशिद नावाच्या मुलाचे वडील म्हणून अबू राशिद. म्हाताऱ्याचं खरं नाव मी कधी ऐकलं नाही. पांढराशुभ्र झगा घालून ते गाडीखाली शिरायचे आणि तसेच पांढरेशुभ्र बाहेर यायचे. त्यांनी फार पूर्वी एकदा साडूंच्या गाडीच्या दारावर बोट ठेवून म्हटलं होतं, ‘ये हँडल ओरिजिनल नहीं.’ हँडल ओरिजिनल नव्हतंच, आणि म्हणूनच ते साडूंच्या इतकं जिव्हारी लागलं. तेव्हापासून दोघांत सलामापुढे बोलणं नव्हतं. अबू राशिद गाडी एका टोकाला लावायचे, साडू दुसऱ्या.

आणि मग साडूंची निवृत्ती आली. कंपनीने कौतुकाने निरोप दिला, व्हिसा संपायची तारीख ठरली, मिरजेचं घर रंगवून तयार झालं. प्रश्न उरला एकच, गाडीचं काय करायचं? मिरजेला नेणं जमण्यातलं नव्हतं. कॅनडातल्या मुलाने फोनवर दोन वाक्यांत निकाल लावला, ‘बाबा, जस्ट सेल इट. इट्स अ कार.’ साडूंनी फोन माझ्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने आत आले ते ठरवूनच. ‘विकायची नाही,’ ते म्हणाले, ‘द्यायची. चांगलं घर बघून द्यायची.’

मग त्या घरात जे सुरू झालं त्याला कांदेपोह्यांचा कार्यक्रम याखेरीज दुसरं नाव नाही. गाडी बघायला येणाऱ्याला आधी वर बोलावायचं. बैठकीत बसवायचं. मेहुणीबाईंनी पोहे आणायचे, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. सामान आवरायला म्हणून सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या, त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवरून पाहुण्याला न्याहाळायच्या. मध्यस्थ म्हणून मी. साडू विचारायचे, ‘सावली आहे का तुमच्याकडे? घरात आणखी गाड्या किती? चालवणार कोण, तुम्ही की ड्रायव्हर?’ लोक गाडीची चौकशी करायला यायचे आणि स्वतःचीच करवून घेऊन जायचे.

पहिलं स्थळ पुण्याच्या एका बँकवाल्याचं. माणूस गोड बोलणारा, घरंदाज. त्यांना गाडी मित्राच्या हॉटेलात दर्शनी भागात ठेवायची होती. ‘चालवणार नाही?’ साडूंनी विचारलं. ‘छे छे, चालवायची कशाला? काचेच्या दारातून काय दिसेल!’ साडूंनी त्यांच्यासमोरची बशी हळूच उचलली. तिच्यात अजून अर्धे पोहे होते. दुसरं स्थळ मंडळींमधल्याच एका इंग्रजाचं. त्याला जुनं इंजिन काढून नवं बसवायचं होतं, आत एसी, स्क्रीन, सगळं. तो गेल्यावर साडू मला म्हणाले, ‘तोंड तेवढं तिचं आवडलंय राव त्याला.’ त्या दिवशी ते जेवले नाहीत. व्हिसाची तारीख जवळ येत होती आणि मला खरोखर काळजी वाटायला लागली, गाडीची नव्हे, त्यांची.

आणि एका संध्याकाळी, कुणालाही न कळवता, अबू राशिद दारात उभे राहिले. साडू गडबडून गेले. मेहुणीबाईंनी घाईघाईने पोहे टाकले. अबू राशिद मन लावून ते खात राहिले, बशी पुढे केली, पुन्हा वाढलेले तेही संपवले, आणि उठून म्हणाले, ‘यल्ला,’ म्हणजे चला. आम्ही सगळे त्यांच्यामागून खाली पार्किंगमध्ये, सासूबाईसुद्धा. त्यांनी गोधडी काढली आणि घडी करून साडूंच्या हातात दिली. बॉनेटवर तळहात ठेवला. आत बसले, गाडी सुरू केली, आणि काय आश्चर्य, पहिल्याच फटक्यात सुरू झाली! डोळे मिटून त्यांनी बराच वेळ नुसता आवाज ऐकला. मग गाडी थांबवून बाहेर आले, हात झटकले आणि म्हणाले, ‘खलास.’

इकडे खलास म्हणजे झालं, ठरलं, आता पुढे बोलणं नको. आम्ही दिवसातून शंभरदा म्हणतो. पण मिरजेत खलास म्हणजे काय, हे मिरजेच्या बाईला कुणी शिकवायला नको. सासूबाई ताडकन पुढे झाल्या. ‘खलास? कोण खलास? ओ, आत्ता तुमच्यासमोर सुरू झाली की नाही? पोरगा वर्षानुवर्षं जिवापाड जपतोय तिला, पोटच्या पोरीगत! माझी गोधडी घातली तिच्या अंगावर! दोन बशा पोहे खाल्ले आणि खलास म्हणतात! काही झालेलं नाही तिला, चांगली धडधाकट आहे!’

आम्ही सगळे थिजलो. कारण ‘ती’च्या बाजूने सासूबाईंच्या तोंडून निघालेले हे पहिलेच शब्द होते. साडूंनी त्यांना समजवायला हवं होतं, पण ते गोधडी छातीशी धरून सासूबाईंकडे नुसते बघत राहिले होते. अबू राशिदनी विचारलं, ‘मामा क्या बोलती?’ साडूंनी गोधडीची घडी सावरली. शेवटी म्हणाले, ‘बोलती है, गाडी बहुत अच्छा है.’ अबू राशिदनी उजवा हात छातीवर ठेवून सासूबाईंपुढे मान झुकवली. ‘मालूम, मामा. मेरे को पहले दिन से मालूम.’ मग साडूंकडे वळून म्हणाले, ‘हँडल भी अच्छा है.’ मी साडूंना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्या दिवशीही त्यांनी ते घामावर ढकललं. ऑगस्ट होता, चालून गेलं. खुलासा झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘मग आधीच नीट बोलायचं,’ आणि गोधडी गाडीबरोबर पाठवून दिली.

उरलेले दिवस साडू रोज अबू राशिदच्या आवारात जाऊन गाडीखाली पडलेले असत. सगळ्या नळ्या बदलल्या, प्रत्येक वायर तपासली, कुठे म्हणून कसर ठेवली नाही. ‘सासरी नाव निघायला नको,’ म्हणायचे. दोघा म्हाताऱ्यांच्या तिथे काय गप्पा चालत देव जाणे, एकाची अरबी मोडकी आणि दुसऱ्याची हिंदी त्याहून मोडकी. परत येताना साडूंच्या खिशात मात्र रोज मूठभर खजूर असायचा. जायच्या दिवशी ते गाडीला भेटायला गेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, ‘आता त्यांची आहे ती. सारखं सारखं जाऊ नये.’

आता शुक्रवारी मला अबू राशिद झल्लाकला नेतात. मी चपला घालून जातो. साडूंनी इतक्या निगुतीने दिली आहे की गाडी एकदाही कुठे बसलेली नाही, रुसलेली तर नाहीच. खरं सांगतो, मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं होतं. मध्यंतरी एका शुक्रवारी अबू राशिदचा दुपारचा नमाज आटोपल्यावर मी गाडीशी परत आलो तर ते फोनवर मोठ्याने, कपाळाला आठ्या घालून बोलत होते, ‘इंजीनियर साब, तुम्हारा गाडी बहुत परेशान करता! आज फिर आवाज करता!’ गाडी शेजारी सावलीत शांत उभी होती. माझी आणि त्यांची नजरानजर झाली तेव्हा त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी हे साडूंना सांगायचं नाही असं ठरवलं. पण गेल्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. मिरजेचं हवापाणी, सासूबाईंचे गुडघे, सगळं झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, ‘साडूभाऊ, गाडी चांगली चालतीय ना?’

मी चाचरलो. ‘म्हणजे... तशी अधूनमधून...’

‘तुम्ही नका हो,’ ते हसून म्हणाले. ‘तुम्हाला खोटं जमत नाही. त्यांनासुद्धा जमत नाही. परवा म्हणत होते, रेडिएटरमधून तेल गळतंय. रेडिएटरमध्ये तेल? पाणी असतं हो तिथं! जन्म गाड्यांखाली गेला त्या माणसाचा! बिघाड संपत आलेत त्यांच्याकडचे.’

‘मग तुम्ही काय सांगितलंत?’

‘सांगितला उपाय. अर्धा तास सांगितला. त्यांनी पण सगळा ऐकून घेतला.’ मग ते म्हणाले, ‘शुक्रवारी दुपारचा मी हल्ली झोपत नाही.’