फूफू नाराज आहे

माझ्या नवऱ्याची आत्या बैशाखी देवी. वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. आमच्या पहाडात आत्याला फूफू म्हणतात, आणि हिला सगळं गावच फूफू म्हणतं, तिच्याहून थोरली माणसंसुद्धा. वाद कोण घालणार तिच्याशी? श्रावण लागला की ती माहेरपणाला येते. खाली सडकेवर जीपमधून उतरते आणि तिथूनच हाक मारते. "अगं ब्वारी, मेलात की काय सगळे? सामान कोण नेणार, तुझा सासरा?" ब्वारी म्हणजे सून, म्हणजे मी. सासरे जाऊन कैक वर्षं झाली, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक असतं.

तिथून भाद्रपदातल्या नंदाष्टमीपर्यंत माझ्या डोक्याला ताप. चहा पातळ झाला. मंडुव्याची, म्हणजे नाचणीची, रोटी जाड झाली. झंगोऱ्याच्या खिरीत गूळ घातलास की नुसता दाखवलास? रात्री खोकायचं, आणि सकाळी मलाच विचारायचं की एवढी झोप तुला येते कशी. तरुणपणी विधवा झालेली, मूलबाळ नाही, सासरच्या घरात आता दीर-जावाही उरल्या नाहीत. तिला म्हणायला माणसं म्हणजे आम्हीच. हे सगळं मला कळत होतं. पण कळलं म्हणून राग थोडाच जातो?

बरं, तिला दुखवायची सोय नाही. आमची नंदा देवी म्हणजे गावची लेक. तिचं सासर वर बर्फात, महादेवाकडे. दरवर्षी अष्टमीला गाव तिची पाठवणी करतं, आणि त्यासाठी गावातून लग्न होऊन गेलेल्या सगळ्या लेकींना, ध्याणींना, बोलावून घेतं. ध्याणी निघताना घरच्यांनी विचारायचं, "खूश आहेस का?" तिनं "खूश आहे" म्हणायचं. एक जरी ध्याणी नाराज गेली तर गावाला दोष लागतो. गाई आटतात, उभ्या पिकावर गारा पडतात, आणि वर्षभर काहीही बिघडलं की लोक त्या घराकडे बोट दाखवतात. फूफूला दरवर्षी विचारलं की ती तोंड वाकडं करून म्हणायची, "चाललंय." खूश आहे हे शब्द तिच्या तोंडून मी कधीच ऐकले नाहीत. सगळा श्रावण-भादवा तिच्यामागे पळायचं आणि शेवटी हातात काय, तर चाललंय.

आता माझं सांगते. माझं माहेर रैंसाल, डोंगराच्या पलीकडच्या खोऱ्यात. तिथेही नंदा आहे, तिथेही अष्टमी आहे, तिथूनही दरवर्षी हयातसिंग, माझा भाऊ, फोन करून बोलावतो. आणि दरवर्षी मी सांगते, फूफू आलीय. लग्न झाल्यापासून एकदाही मी अष्टमीला माहेरी गेले नाही. दुसऱ्या गावच्या लेकींना पोळ्या वाढताना आपणही कुणाची लेक आहोत हे विसरायला होतं. मागच्या थंडीत भाऊ फोनवर म्हणाला, आईचं डोकं आता ठिकाणावर नसतं. ती वहिनीलाच पवित्रा म्हणून हाक मारते. पवित्रा मी. वहिनी बिचारी ओ देते.

ते ऐकल्यापासून माझ्या जिवाला चैन नव्हती. यंदा गेले नाही तर पुढल्या वर्षी आई मला ओळखणार नाही, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. जेठ महिन्यातच मी नवऱ्याला, दरबानसिंगला, सांगून टाकलं की यंदा मी रैंसालला जाणार. तो म्हणाला, "बघू." आमच्या घरात कुठलीही गोष्ट मारायची असेल तर हा शब्द पुरतो. गोठ्याचे नवे पत्रे बघू, मुलीची शाळा बघू, बायकोची आई बघू. तो वाईट माणूस नाही. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

फूफू आल्यावर मी तिच्यादेखतच विषय काढला. मुद्दाम. म्हटलं, होऊन जाऊ दे. दरबानसिंग चुलीत लाकूड सारत म्हणाला की फूफू घरात असताना तू गेलीस तर तिला कोण बघणार, तू गेल्यामुळे ती नाराज झाली तर गावाला काय तोंड दाखवायचं, बघू. फूफूनं चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "यात दूध घातलंय की दुधाची शपथ घातलीय?" मी उठून गोठ्यात गेले आणि म्हशीजवळ पोटभर रडले. म्हशीनं तरी चहाला नाव ठेवलं नाही.

दोन दिवसांनी तिनं नवं काढलं. यंदा ती नंदाच्या पाठवणीबरोबर थेट वर जाणार, ढुंगी बुग्यालच्या तळ्यापर्यंत. बुग्याल म्हणजे झाडांची हद्द संपली की वर लागणारी गवताची पठारं. देवीला सोडून लोक तिथूनच मागे फिरतात. दोन दिवसांची चढण, भाद्रपदाचा चिखल, जळवा. शहाण्या बायका गावच्या वेशीवरच डोळे पुसून परत येतात. आणि हिचे गुडघे तर घराच्या पायऱ्यांनाही कुरकुरतात. दरबानसिंग म्हणाला, खेचर करू. फूफू म्हणाली, "नंदा पायी चालणार आणि मी खेचरावर बसून तिला टाटा करू? ब्वारी येईल माझ्यासोबत. तिचा हात धरून चढेन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तळ्यावर रैंसालची यात्राही पलीकडून चढून येते, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे भाऊ दिसणार, त्याच्या छंतोलीवर, देवीच्या छत्रीवर, आईनं देवीसाठी बांधलेली ककडी दिसणार, दोन शब्द बोलायचे आणि या म्हातारीचा हात धरून मी इकडच्या बाजूला उतरायचं. तहानलेल्याला पाणी दाखवून ओतून टाकावं तसं. आमच्यात बायका बोलत नाहीत, भांडी आपटतात.

निघालो. पुढे ढोल आणि लांब रणशिंगं, मागे छंतोली, म्हणजे रिंगाळ बांबूची मोठी छत्री, जिच्याखाली देवी चालते. त्यामागे गाव, आणि सगळ्यात शेवटी मी आणि फूफू. छंतोली निघाली तेव्हा गावातले पुरुष ढसाढसा रडत होते. पधान उमरावसिंग, आमच्या गावचा म्होरक्या, खांबाला धरून हुंदके देत होता. दरवर्षी मला हे बघून चीड येते. या उमरावसिंगनं स्वतःच्या मुलीला लग्नानंतर तीन वर्षं आणलं नव्हतं, रस्ता खराब आहे म्हणून. देवीसाठी मात्र बर्फापर्यंतचा रस्ता चांगला. देव-बिव मला कळत नाही असं नाही. सकाळी धूप मीच दाखवते, मुंगरी, म्हणजे मका, भाजली की पहिलं कणीस देवीलाच ठेवते. पण जिच्या सासरी जाण्यावर सगळं गाव रडतं, तिच्याच नावाखाली गाव आपल्या लेकीसुनांना कसं विसरतं, हे मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही.

फूफूचं वाटेत वेगळंच चाललं होतं. ती देवीशी बोलत होती, शेजारच्या घरातल्या पोरीशी बोलावं तशी. "अगं नंदा, जरा खाली नाही का गं मिळाला तुला नवरा? एवढ्या उंचावर काय ठेवलंय, लाकूड नाही की फाटा नाही." मग दहा पावलं चालायची आणि माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून उभी राहायची. माझा खांदा मोडायची पाळी आली. जंगलात जळवा चढल्या. तिच्या पायावरच्या मी मीठ लावून काढल्या, तेव्हा म्हणाली की मीठ जास्त लावलंस. खालून आलेले शहरातले काही यात्रेकरू आम्हाला ओलांडून गेले. त्यातली एक बाई फूफूचा फोटो काढून म्हणाली, केवढी ही श्रद्धा. फूफूनं तिला विचारलं, तुझ्याकडे बाम आहे का? होता. आम्हाला बाम मिळाला, हीच त्या दिवसातली चांगली गोष्ट.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुग्यालवर पोहोचलो. वर नुसतं धुकं. तळं कुठे आहे तेही कळेना, ढोलांचा आवाज तेवढा येत होता. मग वारा सुटला आणि एकदम सगळं उघडलं. समोर तळं, कडेला ब्रह्मकमळं, आणि तळ्यापलीकडे एवढं मोठं बर्फाचं शिखर की मान वर करत गेले तरी संपेना. मी आयुष्यभर या डोंगराच्या पायथ्याशी गवत कापलं आणि तो असा आहे हे मला माहीत नव्हतं. रागात असताना असं काही समोर आलं की अजूनच राग येतो. धड चिडताही येत नाही. शेजारी फूफू दोन्ही हात जोडून उभी होती आणि प्रथमच तिला काही नाव ठेवायचं सुचत नव्हतं. मग हळूच म्हणाली, "सासर चांगलं आहे पोरीचं."

पलीकडच्या उतारावरून रैंसालची छंतोली आली. भावानं मला ओळखलं, धावत आला. मी आधी आईचं विचारलं. तो म्हणाला, आहे, पण दिवसेंदिवस कमीच होतेय.

पूजा झाली. आता आमची छंतोली उचलून तळ्याला एक फेरा घालायचा, की पाठवणी पुरी. पण ती उचलेना. दोन धट्टेकट्टे गडी लागले तरी जागची हलेना. खरंच हलत नव्हती की त्यांच्या पायांत गोळे आले होते, देव जाणे. मग भजनसिंगच्या अंगात देवी आली. तो आमच्याकडचा पसवा, देवी त्याच्याच तोंडून बोलते. एरवी तो पिठाची चक्की चालवतो. थरथरत त्यानं विचारलं, "माझी कोणती बहीण नाराज आहे?"

पधानानं हात जोडून वर आलेल्या आमच्या गावच्या ध्याणींना एकेक करून विचारलं. खूश आहे, खूश आहे, खूश आहे. फूफूची पाळी आली. मी मनात म्हटलं, आता चाललंय म्हणेल.

"मी नाराज आहे," फूफू म्हणाली.

ढोलवाल्याचा हात वरच राहिला. दरबानसिंगचा चेहरा पांढरा पडला. तो पुढे येऊन विचारू लागला की फूफू, काय कमी पडलं, काय हवं, साडी हवी, काय हवं ते सांग. सगळ्या गावासमोर आता माझा चहा निघणार, याची मला खात्रीच होती.

"तुम्ही तुमच्या गावच्या लेकी मोजता," ती पधानाला म्हणाली. "ही कोण आहे?" आणि माझा हात वर धरला.

"सून आहे तुमची," पधान म्हणाला.

"सून आहे म्हणजे आभाळातून पडली? ही रैंसालची ध्याणी आहे. लग्न झाल्यापासून हिला अष्टमीला माहेर नाही. का, तर मी येते म्हणून. माझ्या माहेरपणापायी त्यांची लेक आम्ही अडकवून ठेवलीय. त्यांच्या नंदाचा दोष कुणाला लागणार, मला? मी म्हातारी, मला काय लागायचा तो लागू दे. पण हिची आई हिला विसरायला लागलीय आणि हा," तिनं दरबानसिंगकडे हनुवटी उडवली, "हा बघू म्हणतो. ही आत्ता इथून भावाबरोबर जाईल तर मी खूश. नाहीतर नाही. ठेवा देवीला इथेच."

सगळे दरबानसिंगकडे बघायला लागले. देवीसमोर, दोन गावांसमोर, बघू म्हणायची छाती कुणाला आहे? त्यानं मान हलवली. म्हणाला, "जाऊ दे तिला." पोऱ्यासारखा आवाज निघाला त्याचा. गड्यांनी हात घातला आणि छंतोली उचलली गेली.

मी फूफूवर भडकले. खरंच भडकले. म्हटलं, हेच बोलायचं होतं तर घरी बोलायचं, एवढे गुडघे फोडत वर कशाला आलात? मला आधी सांगायला काय झालं होतं?

"घरी बोलले असते तर काय म्हणाला असता तो?" फूफूनं विचारलं. मला उत्तर माहीत होतं. "आणि तुला आधी सांगितलं असतं तर तू हसत हसत चढली असतीस. मग कुणी मानलं असतं? जा आता. खाली घरी उतरलीस की घर पुन्हा ओढून घेईल."

तिला खाली कोण नेणार, असं मी विचारलं. तिनं दरबानसिंगकडे बोट दाखवलं. "हा आहे की. पाठ रुंद आहे. याच्या लहानपणी मी याला पाठीवर घेऊन गवताला जायचे, आता फिटू दे."

आईनं मला ओळखलं. आल्या आल्या नाही, आधी ती वहिनीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग वहिनीला म्हणाली, "अगं, पवित्रा आलीय, तिची ककडी काढ." माझ्यासाठी तिनं वेलाची पहिली ककडी ठेवली होती. दरवर्षी ठेवते, पिवळी पडून सुकते, असं वहिनी म्हणाली. यंदा ती मी खाल्ली. बेचव होती, जून झालेली, आणि मी बियांसकट खाल्ली.

पंधरवड्यानं परत आले तर फूफू अजून होती. खरं तर अष्टमीनंतर ती कधी राहत नाही. मला बघताच सुरू झाली की तुझ्या नवऱ्याच्या चहानं भिंत सारवावी, आणि म्हैस तुझ्या आठवणीनं आटली, आणि एवढे दिवस काय करत होतीस. दुसऱ्या दिवशी तिचं बोचकं घेऊन मी सडकेपर्यंत गेले. गाठोड्यात गुळाचे गोड अरसे बांधून दिले होते, ते कडक झालेत हे तिनं वाटेतच सांगून टाकलं. जीप आली. विचारायची रीत म्हणून मी विचारलं, "फूफू, खूश आहात का?"

"आधी तू सांग," ती म्हणाली.

या घरात हे मला कुणी विचारलं नव्हतं. सुनेला विचारायची रीतच नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि मला आधी तिचाच राग आला, अशा वेळी विचारते म्हणून. मग डोळे भरून आले.

"खूश आहे," मी म्हटलं.

"मग मीही," फूफू म्हणाली, आणि जीपमधल्या माणसाला सरकून बस म्हणून ओरडली.