मुरमुऱ्यांच्या चाळीस पुड्या

नांदेडच्या एका जुन्या थिएटरात चांगुणाबाई वीस वर्षं झाडू मारतात. पडद्याकडे त्यांनी कधी धड पाहिलेलं नाही, पण लेकराबाळांचा सिनेमा बरा की वाईट, हे त्यांच्याइतकं खात्रीनं कुणी सांगत नाही. खेळ सुटला की त्या खुर्च्यांखाली वाकतात. खाऊच्या पुड्या रिकाम्या निघाल्या तर सिनेमा पडला, भरलेल्या निघाल्या तर चालला. "जीव अडकला की लेकरू तोंड हालवायचं इसरतंय," एवढंच त्यांचं शास्त्र. मॅनेजर चांदपाशा आधी हसायचे. आता नवं कार्टून लागलं की पहिल्या खेळानंतर तेच हळूच विचारतात, "चांगुणाबी, कचरा क्या बोलता?"

त्यांच्या नातीनं, लुंबिनीनं, कॉलेजात नऊ मिनिटांचं कार्टून बनवलं. माळेगावच्या जत्रेत विकलेली शेळी पायी घरी परत येते, एवढीच गोष्ट. मैत्रिणींनी तोंडभरून कौतुक केलं आणि म्हणूनच लुंबिनीला ते खरं वाटेना. हेच काम पुढं शिकायचं की बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा, हे ती आजीच्या निकालावर ठरवणार होती.

रविवारी सकाळी चांदपाशांनी पडदा दिला. वस्तीतली चाळीस लेकरं आली. चांगुणाबाईंनी प्रत्येकाच्या हातात मुरमुऱ्यांची सारखी पुडी ठेवली, एक स्वतः घेतली आणि वीस वर्षांत पहिल्यांदा तिथल्या खुर्चीत बसल्या.

शेवटी टाळ्या झाल्या. टाळ्यांवर भुलणारी ही बाई नव्हे. लेकरं बाहेर पडताच त्यांनी उजव्या हातात झाडू घेतला. लुंबिनी दाराशी नखं खात उभी.

पुड्या मोजून झाल्या. गोड बोलावं असं चांगुणाबाईंना फार वाटलं, पण वीस वर्षांचा नेम नातीसाठी कसा मोडायचा?

"सव्वीस रिकाम्या हायत," त्या म्हणाल्या. "बाजारात तुझी शेळी लई वेळ उभी ऱ्हायली. तवाच समदीकडं कचरकचर सुरू झालं."

लुंबिनी पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाली, "म्हणजे बँकेचा फॉर्म." मग तिचं लक्ष आजीच्या मिटलेल्या डाव्या मुठीकडं गेलं. तिनं ती उघडली. आत घामानं भिजलेली पुडी, गाठसुद्धा न सोडलेली.

"ही धरू नको," चांगुणाबाई घाईनं म्हणाल्या. "मी आजी हाय. आजीचं मत कुठं धरत्यात?"

लुंबिनीनं पुडीसकट आजीची मूठ पुन्हा मिटली.

"आजी, बाजार निम्मा कापला तर?"

चांगुणाबाईंनी झाडू भिंतीला टेकवला, पुडीची गाठ सोडली आणि निम्मे मुरमुरे नातीच्या ओंजळीत ओतले.

"काप," त्या म्हणाल्या. "मी फिरून चाळीस पुड्या बांधते."