लखलखीत झालेल्या लढाया

चष्म्याच्या दुकानात काचा बसवणाऱ्या त्या गृहस्थाला सगळी गल्ली 'जनरल' म्हणायची. आयुष्यात त्याने कधी कुणाशी दोन हात केले नव्हते. रांगेत कुणी पुढे घुसलं, तर हाच बापडा मागे सरकायचा. घरात मात्र लढायांचा पसारा. एका राजाने किल्ला घेतला म्हणून पाडलेलं पदक, तोच किल्ला वर्षभरात परत घेतला म्हणून शत्रूने पाडलेलं पदक, असली काळवंडलेली तांब्या-पितळेची पदकं त्याने जुन्या बाजारातून जन्मभर वेचून आणली होती. बायकोने तोंड वाजवून पाहिलं, अबोला धरून पाहिला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

एक दिवस संग्रहालयाच्या साहेबांचा निरोप आला. रविवारी पदकं पाहायला येतो, पसंत पडली तर तुमच्या नावाने दालनात मांडू. जनरलचे पाय जमिनीला लागेनात. काचेच्या कपाटावर आपलं नाव, एवढं एकच त्याला हवं होतं.

रविवारी तो दाढी करून परतला, तर टेबलावर नुसता लखलखाट. बायकोने भांड्यांची पावडर आणि तारेची घासणी घेऊन सगळ्या लढाया घासून काढल्या होत्या.

"पाहुण्यापुढे काय तो काळा कचरा ठेवणार होतात?" ती म्हणाली.

जुन्या पदकावरचा काळपट थर हेच त्याचं वय, तो गेला की उरतं भंगार. हे जनरलने गल्लीतल्या न्हाव्यालासुद्धा समजावलं होतं. बायकोला सांगायचं तेवढं राहिलं, कारण घरात पदकांचा विषय काढायची त्याची छाती नव्हती. आता राजांची नाकं सपाट झाली होती. पण या छंदावर बायको पहिल्यांदाच खूश दिसत होती.

"छान झालंय," तो म्हणाला.

साहेबांनी एक पदक उचललं, भिंग लावलं, आणि हा अडाणीपणा कुणाचा म्हणून विचारलं.

"माझाच," जनरल म्हणाला. "हौस आली."

मग साहेबांनी त्याला शाळकरी पोरासारखं झापलं. असल्या माणसाच्या हाती जुनी वस्तू पडणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असं सुनावून ते चहा न घेताच गेले.

बायकोने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. ती बाहेर येऊन त्याच्या शेजारी बसली. मग तिने एक पदक उचललं आणि ही कुठली लढाई म्हणून विचारलं. जनरल आधी चाचरला, मग रंगात आला. नदीचा पूल, पहाटेचं धुकं, पळालेला सरदार. ती कान देऊन ऐकत होती. तिने एका गुळगुळीत जागेवर बोट ठेवलं.

"आणि इथे काय होतं?"

"घोडा होता."

"चिवट होता हो," ती डोळे पुसत म्हणाली. "निघता निघेना."