फाटकावरचे पी. टी. सर

आणे पठारावरच्या पोरांना दोन गोष्टी फुकट मिळतात, वारा आणि पळायला माळ. रामदासनं दोन्ही पोटभर घेतल्या. बी.पी.एड. करून १९९४ साली तो घोडेगावच्या वरच्या अंगाच्या एका हायस्कुलात लागला, तेव्हा डोक्यात एकच खूळ होतं. आपल्या हाताखालचा एक तरी पोरगा राज्याला पळवायचा आणि संस्थेचा क्रीडाप्रमुख व्हायचं.

आता पी. टी.च्या सरांना शाळेत काय काय करावं लागतं, ते आपल्याला ठाऊक आहेच. पोलिओचे डोस, मतदारयाद्या, गॅदरिंगचा मांडव. वेळ उरलाच तर खेळ. त्यात रामदास उंचापुरा, आवाज खणखणीत. हेडमास्तरांनी पहिल्याच आठवड्यात हातात छडी देऊन त्याला फाटकावर उभं केलं. उशिरा येईल त्याला दोन. नोकरी कच्ची होती, रामदास उभा राहिला.

दर वर्षी त्याची पोरं तालुका मारायची आणि जिल्ह्याला धापा टाकायची.

"लांब पळणारं एक पोरगं दे रे देवा," तो शिपाई सोमाजीपुढं म्हणायचा.

"देवाला काय पी. टी.चा तास हाय व्हय, सर?" सोमाजी म्हणायचा.

१९९९ साली नववीतला भिका नेमानं उशिरा यायचा. खिंडीपलीकडच्या वाडीतला, घामानं चिंब. कारण सांगायचा नाही. दोन छड्या खायचा आणि वर्गात जायचा. सहामाहीनंतर तो यायचाच बंद झाला. कुणी चौकशी केली नाही, रामदासनंही नाही.

२००३ मध्ये संस्थेनं त्याला क्रीडाप्रमुख केलं. राज्याला कुणीच पळालं नव्हतं. सत्कारात अध्यक्ष शाळेच्या शिस्तीबद्दलच बोलले. शाल-नारळ घेताना रामदासला काही म्हणता काही वाटलं नाही.

पुढच्या मे महिन्यात शिक्षक पोरं गोळा करायला वाड्यावस्त्यांवर निघाले. पट घसरला की तुकडी जाते. रामदासच्या वाट्याला खिंडीपलीकडची वाडी आली. चढताना त्याच्या तोंडाला फेस आला. पहिलंच घर भिकाचं निघालं. त्याची आई लंकाबाई, तिनं सरांना ओळखलं, घोंगडी टाकली, कोरा चहा दिला.

"भिका काय करतो?"

"मंचरला कांद्याच्या गोण्या उचलतो. बरं हाय त्याचं."

"शाळा का सोडली?" रामदासनं विचारायचं म्हणून विचारलं.

"पानी भरून, गुरं सोडून निघायचा वो. मंग हितनं शाळंपत्तुर पळतच. तुमच्या धाकानं कुटं थांबायचा न्हाई. घाटात यष्टी दिसली की तिच्याबी म्होरं जायचा." ती हसली. "पर रोजचाच उशीर, रोजचाच मार. येक दिस म्हनला, आये, मला काय पळता येत न्हाई. बसला घरी."

रामदास चहा पीत राहिला. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. गेल्या दहा वर्षांत आतलं सगळं सुन्न होऊन गेलं होतं.

"शाळेजोगं कुणी आहे घरात?" त्यानं विचारलं.

"हाय की. धाकली शीला. पाचवीत जाईल. तीबी कामं उरकूनच निघंल."

उशीर झाला तरी चालेल, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठापर्यंत आले.

"वेळेवर पाठवा," रामदास म्हणाला आणि खिंड उतरायला लागला.